नगरसेवकाची निवडणूक: खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, पण पैसा कुणाचा हे कोण विचारतं?

अपक्ष_पण_पक्का

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्यातल्या एका 'ड' वर्ग, म्हणजे छोट्या महापालिकेत, चार सदस्यांच्या प्रभागातून मी अपक्ष उभा होतो. पडलो. का पडलो यावर हा धागा नाही, तो विषय घरच्यांनी आणि मित्रांनी पुरेसा चघळला आहे. मला पैशांबद्दल बोलायचं आहे.

निवडणुकीआधी राज्य निवडणूक आयोगाने खर्चाची मर्यादा वाढवली. मुंबई, पुणे, नागपूरला १५ लाख. पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाण्याला १३ लाख. कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, वसई-विरार, छत्रपती संभाजीनगरला ११ लाख आणि आमच्यासारख्या 'ड' वर्गाला ९ लाख. हे आकडे दर उमेदवारामागे आहेत. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो, बाकी बहुतेक ठिकाणी चार. म्हणजे पक्षाचं पॅनल उभं राहिलं की चौघांचे मिळून ३६ लाख त्याच प्रभागात, त्याच मतदारांवर, पूर्ण कायदेशीर खर्च करता येतात. मला त्याच गल्ल्यांमध्ये ९ लाखांची परवानगी. (तेवढेही नव्हते, ते सोडा.)

नियम पाळायचे म्हटलं तर काम भरपूर आहे. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, रोजच्या खर्चाची नोंद, निकालानंतर ३० दिवसांत शपथपत्रासह अंतिम हिशोब. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मी सगळं वेळेत दिलं. तपासणीत मला विचारलेले प्रश्न असे: रिक्षावरच्या भोंग्याचं बिल कुठे आहे? पत्रकावर मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापली आहे का? मंडपवाल्याने दरपत्रकापेक्षा कमी दर कसा लावला? सगळे प्रश्न पैसा कुठे गेला याबद्दलचे. तो आला कुठून, हे कुणी विचारलं नाही.

मी स्वतःहून एक केलं होतं. कुणी किती दिले याचा तक्ता नेटवर टाकला आणि त्याची लिंक माझ्या प्रत्येक पत्रकावर छापली. मतदार खूश होतील असं वाटलं होतं. मतदारांनी बघितला की नाही माहीत नाही, पण देणाऱ्यांनी नक्की बघितला. एक हार्डवेअरवाले काका म्हणाले, "पैसे घे, पण नाव टाकू नकोस. दुसरा कोणी निवडून आला तर माझ्या दुकानापुढच्या पत्र्यावर अतिक्रमणची गाडी येईल." आणि एक ठेकेदार वेगळंच सांगून गेले. "फ्लेक्सचं मी बघतो, तुमच्या खात्यात एंट्रीच येणार नाही." काकांचे पैसे परत केले, ठेकेदारांना नमस्कार केला.

माझा मुद्दा इथे आहे. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे तो माणूस नगरसेवक होऊ शकत नाही, अशी अपात्रता कायद्यातच आहे. म्हणजे ठेकेदाराने सभागृहात बसू नये, हे कायद्याला कळतं. पण ठेकेदाराच्या पैशावर दुसरा कुणी सभागृहात जाऊन बसला तर ते कुठल्याही कागदावर दिसत नाही. इथे कुणी निवडणूक लढवली आहे का? कुणी असे हिशोब मागवून बघितले आहेत का?

---

शंकासुर

धागा चांगला आहे, पण एक बाळबोध प्रश्न. मर्यादा ९ लाख असो की ९० लाख, ज्याला पैसे वाटायचे तो वाटतोच. मग देणाऱ्यांची नावं कागदावर आली काय, न आली काय. जो पाकिटं वाटतो तो तक्त्यात "पाकिटं, अमुक लाख" असं लिहिणार आहे का?

---

गल्लीतला कार्यकर्ता

@अपक्ष, तुमचा तक्ता आमच्या ग्रुपवर पण फिरला होता, तुमचं शहर ओळखलं 😀 नाव घेत नाही.

मी वीस-बावीस वर्षं एका पक्षाचं काम करतो. खरं सांगू? तुम्ही ज्या काळाचा हिशोब दिला त्या काळात खर्च होतच नाही फारसा. हिशोब चालू होतो अर्ज भरल्यापासून. आमच्याकडे बऱ्याच पालिकांची मुदत २०२० ते २०२२ च्या मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ ला. मधली सगळी वर्षं प्रशासक. या काळात इच्छुकांनी काय केलं? दिवाळीला उटण्याची किटं, संक्रांतीला हळदीकुंकू आणि वाण, आषाढीला पंढरपूरच्या बस, दहावीच्या पोरांना वह्या, दहीहंडी, आरोग्य शिबिर, प्रत्येक चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हटलं, तेव्हा वाटलं आता सुटलो. तर तिथून तारीख पुढे जात जात जानेवारी आली. आमच्या भागातल्या एका इच्छुकाने एवढ्या वर्षांत दोन प्लॉट विकले, आणि ऐनवेळी आरक्षण पडलं, प्रभाग गेला. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र) दुसऱ्याच्या वहिनीला. आता ह्या माणसाचा खर्च कुठल्या फॉर्ममध्ये लिहिणार?

तुम्ही म्हणता ठेकेदार. ठेकेदार एकटा नसतो. बिल्डर, टँकरवाला, केबलवाला, पार्किंगचा ठेका घेणारा, सगळे असतात. आणि ते एकावर कधीच लावत नाहीत. ज्या दोघा-तिघांत लढत आहे त्या सगळ्यांना थोडं थोडं देतात. त्यांना कोण जिंकतो याच्याशी घेणं नसतं, जिंकलेला फोन उचलेल याच्याशी असतं.

---

शंकासुर

> सगळ्यांना थोडं थोडं देतात

हेच तर. मग नावं जाहीर झाल्याने काय होणार? एकच नाव तीन उमेदवारांच्या तक्त्यात दिसेल.

---

अपक्ष_पण_पक्का

@शंकासुर, तेच दिसायला हवं आहे. आज तिघेही एकमेकांवर ठेकेदारधार्जिणे म्हणून पत्रकं काढतात आणि तिघांचा ठेकेदार एकच आहे, हे मतदाराला कळायला मार्ग नाही. आणि पाकिटांचं म्हणाल तर पाकीट वाटणं हा गुन्हा आहे, त्याला पोलीस आणि पथकं आहेत. मी बोलतोय ते उघड, कायदेशीर पैशाबद्दल. चोरी थांबत नाही म्हणून दुकानाने वहीच ठेवू नये का?

---

अबोली

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते.

मी मागच्या वेळी (२०१७) महिला राखीव जागेवरून एका पक्षाकडून लढले होते. निवडून आले नाही. खातं माझ्या नावाने उघडलं, चेकबुकवर सह्या माझ्या. कोरे चेक सह्या करून दिराकडे ठेवले होते, कारण प्रचारातून वेळ नसायचा आणि "वहिनी, तुम्ही फक्त घरोघर फिरा" असं सगळ्यांचं म्हणणं. निकालानंतर हिशोबाची फाईल सहीला आली तेव्हा पहिल्यांदा आकडे बघितले. माझ्या नावावर किती गाड्या लागल्या होत्या, किती जेवणावळी झाल्या होत्या, आणि पैसे "स्वतःचे" म्हणून दाखवले होते. माझे स्वतःचे म्हणजे किती, तर माझ्या पासबुकात तेवढे कधीच नव्हते. विचारलं तर उत्तर मिळालं, "असंच लिहायचं असतं."

शपथपत्र माझं, अपात्रता आली असती तर माझ्यावर, पैसा कुणाचा हे मलाच माहीत नाही. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. त्यातल्या किती जणींनी आपल्या खात्याचं स्टेटमेंट बघितलं असेल, हा प्रश्न आयोगाने विचारायला हरकत नाही. देणाऱ्यांची नावं लिहिणं सक्तीचं असतं तर निदान मला वाचायला तरी मिळाली असती.

---

जमाखर्च

@अबोली, प्रतिसाद फार मोलाचा. +१

व्यवसायाने सीए आहे. काही उमेदवारांचे हिशोब लिहून दिले आहेत, तेव्हा थोडं कायद्याबद्दल. पालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार त्याला दिला आहे. लोकसभा-विधानसभेचा लोकप्रतिनिधित्व कायदा इथे जसाच्या तसा लागू होत नाही. इथे महापालिका अधिनियम आणि आयोगाचे आदेश चालतात. पण आजार एकच असल्यामुळे तिकडचा इतिहास उपयोगी आहे.

१९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खर्चात धरायचा, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून हा निकाल निष्प्रभ केला. पक्षाने किंवा हितचिंतकाने केलेला खर्च उमेदवाराच्या डोक्यावरून काढला. नंतर त्यात बदल झाले, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला तिथे आजही मर्यादा नाही. उमेदवाराला ९५ लाखांचं कुंपण (मोठ्या राज्यांत लोकसभेला), आणि पक्षाला मोकळं रान.

दुसरा निकाल आपल्या राज्यातला. भोकर मतदारसंघातल्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या पेड न्यूजच्या (पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की, हिशोब वेळेत आणि ठरलेल्या नमुन्यात दिला एवढ्यावर आयोगाचं काम संपत नाही. तो खरा आहे का, हेही आयोग तपासू शकतो. ते केंद्रीय आयोगाबद्दल होतं. पण पालिकेच्या हिशोबात फक्त बिलं जुळतात का एवढंच बघणं ही मनोवृत्ती आहे, कायद्याची अडचण नव्हे, असं माझं मत.

आता पैसा येतो कुठून याबद्दल. पक्षाला एका देणगीदाराकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले तर नाव कळवावं लागतं, आणि २०१७ पासून २,००० रुपयांच्या वर रोख देणगी घेतली तर पक्षाची प्राप्तिकर सवलत जाते. निवडणूक रोख्यांची (पक्षाला नाव जाहीर न होता देणगी देण्याची) योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रद्द केली. त्यात मुख्य सूत्र हेच होतं की, पक्षाला पैसा कोण देतं हे जाणून घेणं मतदाराच्या माहितीच्या अधिकारात येतं. पण हे सगळं पक्षांबद्दल. प्रभागातला पैसा पक्षाच्या खात्यातून फार थोडा येतो. तो थेट उमेदवाराकडे, बहुतेक वेळा त्याच्या भावाकडे किंवा "मुख्य कार्यकर्त्या"कडे येतो. दिल्लीपर्यंत गाजलेला सगळा पारदर्शकतेचा वाद आपल्या प्रभागाच्या वरून गेला.

---

नियंत्रक

पक्षांची नावं घेऊन एकमेकांना चोर म्हणणारे काही प्रतिसाद उडवले आहेत. धागा खर्चाच्या पारदर्शकतेवर आहे. कृपया तिथेच राहा.

---

हडसनकाठचा

न्यूयॉर्कमध्ये राहतो. इथल्या सिटी कौन्सिलची (म्हणजे शहराच्या सभागृहाची) पद्धत सांगतो, कारण मूळ धाग्यातल्या ठेकेदाराला इथे थेट उत्तर आहे.

१९८० च्या दशकातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनंतर शहराने १९८८ मध्ये प्रचारनिधी मंडळ स्थापन केलं. कौन्सिलच्या उमेदवाराला मिळालेली प्रत्येक देणगी मंडळाला कळवावी लागते आणि ती नावानिशी मंडळाच्या साईटवर शोधता येते. ९९ डॉलरच्या वर असेल तर देणारा काय काम करतो, कुणाकडे करतो हेही द्यावं लागतं. आणि मुख्य गोष्ट: शहराशी ज्यांचे व्यवहार आहेत, म्हणजे कंत्राटदार, जमीनवापराचे अर्जदार, लॉबिइस्ट (पैसे घेऊन दुसऱ्यांची कामं पुढे रेटणारे मध्यस्थ), त्यांची एक वेगळी यादी शहर ठेवतं. २००७ च्या कायद्याने या यादीतल्या माणसाला कौन्सिलच्या उमेदवाराला फक्त २५० डॉलर देता येतात. उमेदवाराने घेतले की यादीशी ताडून बघतात, जास्त असतील तर परत करावे लागतात.

छोट्या देणग्यांना उलट प्रोत्साहन. शहरातल्या रहिवाशाने दिलेल्या पहिल्या १७५ डॉलरवर शहर आठपट घालतं. त्यासाठी कौन्सिलच्या उमेदवाराला आधी आपल्याच मतदारसंघातले किमान ७५ देणगीदार दाखवावे लागतात. त्यामुळे उमेदवाराला पैशासाठीसुद्धा बिल्डरऐवजी शेजाऱ्याची बेल वाजवावी लागते. सिएटलमध्ये तर २०१७ पासून मतदारांना २५-२५ डॉलरची चार व्हाउचर घरपोच येतात, आवडत्या उमेदवाराला द्यायची. कुणी कुणाला दिली ते सार्वजनिक.

आता उलट बाजू, नाहीतर परदेशाचं कौतुक केलं म्हणून शिव्या बसतील. आठपट मिळतात म्हटल्यावर दुसऱ्याच्या नावाने देणग्या दाखवण्याचे प्रकारही होतात. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या याच मंडळाने तेव्हाच्या महापौरांना, एरिक ॲडम्स यांना, हा आठपटीचा निधी नाकारला. म्हणजे गडबड होते. फक्त ती पकडायला समोर नावांची यादी असते.

---

गल्लीतला कार्यकर्ता

आठपट?? आमच्याकडे लागू करा, प्रत्येक गल्लीत सत्तर उमेदवार उभे राहतील आणि सगळ्यांचे देणगीदार त्यांच्या मेव्हण्यांच्या सोसायटीतले 😂

पण ती ठेकेदारांची यादीवाली आयडिया भारी आहे. यादी तर महापालिकेकडे आहेच की. नोंदणीकृत ठेकेदारांची.

---

शाई लावणारा गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निवडणुकीची ड्युटी चुकलेली नाही कधी. मतदान केंद्रावर असतो, पण एकदा खर्चाच्या पथकातही टाकलं होतं. तेव्हाचं सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक वस्तूचा ठरलेला दर असतो. खुर्ची, गादी, चहा, वडापाव, ढोल-ताशा, फेटा, ड्रोन, सगळ्याचा. उमेदवार दहा रुपयांची वस्तू चारला दाखवतो, आम्ही दरपत्रकाने वाढवतो. सभेला व्हिडिओवाला जातो, खुर्च्या मोजतो. कामाच्या नावाने सगळं व्यवस्थित. पण चार उमेदवारांचं पॅनल असलं की सभेच्या खर्चाची वाटणी करायची, तिथे डोकं फिरतं. फ्लेक्सवर चौघांचे फोटो, वर पक्षाचे पाच नेते, खाली "सौजन्य" म्हणून एक मित्रमंडळ. मित्रमंडळाची नोंदणी कुठे? कुठेच नाही. मी साहेबांना विचारलं, हे सौजन्य कुणाच्या खात्यात टाकायचं? साहेब म्हणाले, गुरुजी, घरी जायचं आहे ना?

अपक्षांचे हिशोब मात्र आम्ही कसून तपासायचो, कारण ते स्वतः फाईल घेऊन यायचे आणि समोर बसायचे. मोठ्या पक्षांचा पगारी माणूस यायचा, त्याला सगळे नमुने पाठ. हे बरोबर नव्हतं, पण असं होतं.

---

शंकासुर

गुरुजी 🙏

बरं, आता मी थोडा वळलोय, पण हार्डवेअरवाल्या काकांचं काय? धाग्यात सगळ्यात खरा माणूस तोच आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. नावं जाहीर करायची सक्ती झाली तर सत्तेतल्या माणसाला पैसे देणारे बिनधास्त देतील, नावासकट देतील, उलट मिरवतील. विरोधात उभा असलेल्याला किंवा अपक्षाला देणारा घाबरून मागे हटेल. म्हणजे तुमची पारदर्शकता आधी तुम्हालाच मारणार. तुमच्या बाबतीत तसं झालंच की, काकांचे पैसे परत केलेत.

---

अपक्ष_पण_पक्का

हा प्रश्न मलाही छळतोय. काका एकटे नव्हते. एका क्लासवाल्या बाईंनी, एका डॉक्टरांनी असंच म्हटलं. नळजोडणी, बांधकाम परवाना, दुकानाचा परवाना, मालमत्ता कर, माणूस दहा ठिकाणी महापालिकेत अडकलेला असतो. दिल्लीतल्या नेत्याला पैसे दिल्याने कुणी तुमचं पाणी बंद करत नाही. नगरसेवक करू शकतो. त्यामुळे विधानसभेला चालणारा नियम प्रभागाला जसाच्या तसा चालणार नाही, हे मान्य.

म्हणून मला आता असं वाटतं. एका व्यक्तीने ५,००० पर्यंत दिले तर नाव आयोगाकडे नोंदवावं, बाहेर फक्त एकूण रक्कम आणि देणाऱ्यांची संख्या यावी. त्याच्या वर नाव जाहीर. पण महापालिकेचं काम घेणारा, टेंडर भरणारा, मोठ्या बांधकामाचा नकाशा मंजुरीला टाकलेला असेल तर रक्कम कितीही असो, अगदी शंभर रुपये, नाव जाहीर. काकांना झाकता येतं, ठेकेदाराला नाही. ५,००० चा आकडा दगडावरची रेघ नाही, पण पक्षांसाठीचे २०,००० इथे लावले तर ९ लाखांच्या मर्यादेत पंचेचाळीस निनावी माणसांवर अख्खा प्रचार होतो.

---

जमाखर्च

तुमची विभागणी कागदावर चांगली आहे. अडचण एकच: ठेकेदार स्वतःच्या नावाने देणार नाही. मुकादमाच्या, ड्रायव्हरच्या, पुतण्याच्या नावाने ४,९०० चे वीस हप्ते येतील. त्याला उपाय म्हणजे देणगी फक्त बँकेतून किंवा यूपीआयने, रोख शून्य. मग ड्रायव्हरच्या खात्यात आदल्या दिवशी कुठून आले, हे निदान हवं तेव्हा काढता येतं. यूपीआयने भाजी घेणारा देश देणगी मात्र रोखीने देतो, त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे.

जाता जाता: फेसबुक-इन्स्टावरच्या राजकीय जाहिराती मेटाच्या ॲड लायब्ररीत दिसतात, भारतात २०१९ पासून. पेज कुणाचं, अंदाजे खर्च किती, पैसे भरणारा कोण. आपल्या प्रभागातल्या विजयी उमेदवाराचं पेज टाकून बघा, मग त्याच्या हिशोबात तेवढा खर्च दिसतो का ते ताडा. रील बनवून देणाऱ्या पोरांना दिलेले पैसे मात्र तिथे येत नाहीत.

---

अबोली

कायदा बदलायला वेळ लागेल. पण हिशोब तर जमा झालेत ना? निकाल १६ जानेवारीचा, ३० दिवस केव्हाच संपले. ते बघता येतील का?

---

जमाखर्च

माहिती अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, पानामागे दोन रुपये, ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० च्या आत, हे विसरू नका, नाहीतर त्याच मुद्द्यावर अर्ज परत येईल.

एक धोका आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आहे. "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं आता सोपं झालंय. म्हणून अर्जातच लिहा की हा सार्वजनिक पदाच्या निवडणुकीचा, शपथेवर दिलेला हिशोब आहे, आणि कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. नकार आला तर पहिलं अपील ३० दिवसांत.

---

अपक्ष_पण_पक्का

मसुदा केला. सुचवा.

"विषय: महानगरपालिका सार्वत्रिक निवडणूक २०२५-२६, प्रभाग क्र. __ मधील उमेदवारांचे निवडणूक खर्चाचे हिशोब. कालावधी: अर्ज दाखल केल्यापासून अंतिम हिशोबापर्यंत. माहिती: सर्व उमेदवारांनी सादर केलेले दैनंदिन व अंतिम हिशोब, सोबतची शपथपत्रे, निवडणूक बँक खात्याची सादर केलेली विवरणे, आणि हिशोबातील त्रुटींबाबत उमेदवारांना दिलेल्या नोटिसा व त्यांची उत्तरे यांच्या प्रती. हे हिशोब सार्वजनिक पदाच्या निवडणुकीसाठी शपथेवर सादर केलेले असल्याने कलम ८(१)(ञ) लागू होत नाही. तरीही ते लागू मानल्यास कलम ८(२) नुसार जनहितार्थ माहिती द्यावी. प्रती देण्यापूर्वी मूळ कागदपत्रांचे निरीक्षण करण्याची परवानगी मिळावी."

---

शाई लावणारा गुरुजी

नोटिसांच्या प्रती मागितल्यात हे उत्तम. हिशोबात काही सापडणार नाही, नोटिसांत सापडेल. आणि निरीक्षणाला जाल तेव्हा पॅनलमधल्या चौघांच्या फाईली एकदम मागा. एकाच सभेचा खर्च चौघांनी कसा वेगवेगळा दाखवलाय, ते शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

---

गल्लीतला कार्यकर्ता

माझं ऐका, एवढ्यावर थांबू नका. दुसरा अर्ज वेगळा टाका, बांधकाम विभागाला. प्रभागातल्या कामांचे कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेले आदेश), ठेकेदाराचं नाव, रक्कम. आणि आत्ता नाही. नवीन सभागृहाच्या पहिल्या बजेटातली कामं निघू दे. पेव्हर ब्लॉक, ड्रेनेज, उद्यानाची दुरुस्ती ही कामं बघा, तिथे छोटे तुकडे करून देतात. मग हिशोबातल्या मंडपवाल्याचं, गाड्यावाल्याचं, फ्लेक्सवाल्याचं नाव आणि कार्यादेशातलं नाव लावून बघा. फुकट मंडप टाकणारा नंतर कुठे दिसतो, ते मला सांगायची गरज नाही पडणार.

माझं नाव कुठे येऊ देऊ नका म्हणजे झालं.

---

अपक्ष_पण_पक्का

@कार्यकर्ता, तुम्ही ५,००० च्या खालचे, तुमचं नाव झाकलेलं 😀

गुरुजींच्या सूचनेप्रमाणे "चारही उमेदवारांच्या नस्ती एकत्र" हे शब्द घातले. पहिला अर्ज या आठवड्यात टाकतो, दुसरा कार्यादेश निघायला लागले की. इतर शहरांतल्या कुणाला आपल्या प्रभागाचा टाकायचा असेल तर मसुदा वरच आहे, फक्त प्रभाग क्रमांक बदला. प्रती आल्या की याच धाग्यावर टाकतो, पत्ते आणि फोन नंबर झाकून.